चो, बीड आणि माळ : ‘पडीक’ या नोंदीचा इतिहास

१

चंदीगडच्या विमानतळाची नवी इमारत ११ सप्टेंबर २०१५ रोजी सुरू झाली. ही इमारत मोहालीच्या बाजूला, म्हणजे पंजाबच्या हद्दीत उभी आहे. तिच्याकडे जाणाऱ्या रुंद रस्त्यालगत बृहत मोहाली क्षेत्र विकास प्राधिकरणाने जे नगर वसवले, त्याचे नाव एयरोसिटी. बोलण्यात ते चंदीगडचे मानले जाते; दप्तरात ते मोहाली जिल्ह्याचे आहे. या नावात कोणत्याही गावाची, ओढ्याची अथवा झाडाची खूण नाही. तेथून जवळच झिरकपूरच्या पलीकडे छतबीड नावाचे ठिकाण आहे. १३ एप्रिल १९७७ पासून ते प्राणिसंग्रहालय म्हणून ओळखले जाते. ‘छत’ हे गावाचे नाव आणि ‘बीड’ हा जुना पंजाबी शब्द. (मराठवाड्यातील बीड शहराशी त्याचा संबंध नाही, मूळ उच्चारात त्यातील ‘ड’ घासून येतो.) गावाजवळ किंवा संस्थानिकांच्या ताब्यात राखून ठेवलेले झाडीचे आणि गवताचे रान म्हणजे बीड. मराठीतील ‘कुरण’ आणि ‘राखीव रान’ या दोहोंच्या मधला हा अर्थ आहे. पटियाळा संस्थानाची शिकारीची बीडे पुढे अभयारण्ये झाली. छतच्या बीडाच्या वाट्याला पिंजरे आले. एका नावात जमिनीची स्मृती शिल्लक आहे, दुसऱ्यात ती पुसलेली आहे, आणि दोन्ही नावे एकाच प्रदेशात शेजारी शेजारी नांदत आहेत.

औद्योगिक विकासाचा वन्यजीवांच्या अधिवासावर होणारा परिणाम सामान्यतः यंत्रे, रस्ते आणि कारखाने येऊन पोहोचल्यापासून मोजला जातो. महसुली दप्तरे, नियोजनाचे कायदे आणि न्यायालयीन निवाडे एकत्र ठेवून वाचले असता मात्र हा इतिहास त्याच्या पुष्कळ आधी सुरू होतो असे दिसते. जमीन प्रत्यक्ष बदलण्यापूर्वी तिची नोंद बदललेली असते. अधिवास प्रथम शब्दांत रिकामा होतो. त्यानंतर तो जमिनीवर रिकामा करणे सोपे जाते. प्रस्तुत निबंधात हे प्रतिपादन चंदीगडच्या उत्तरेकडील सुखना परिसराच्या आधारे मांडले आहे, आणि त्याच्या तुलनेसाठी सोलापूरच्या माळरानाचा विचार केला आहे. हे दोन प्रदेश भाषा, हवामान आणि शासन या तिन्ही बाबतींत एकमेकांपासून दूर आहेत. परंतु ब्रिटिश काळातील जमीनमोजणीने दोघांनाही एकच व्याकरण दिले, आणि ही तुलना त्या व्याकरणाच्या आधारेच शक्य होते.

२

लोकभाषेत अधिवासांची नावे नेमकी असतात. पंजाबीत पावसाळ्यापुरता वाहणारा, टेकड्यांतून वाळू-गोटे घेऊन मैदानात उतरणारा प्रवाह म्हणजे ‘चो’. नदीकाठचे पुराच्या पाण्यावर वाढणारे गवताळ रान म्हणजे ‘बेला’. दोन नद्यांमधील उंच, कोरडा, झुडपांनी व्यापलेला पट्टा म्हणजे ‘बार’. गावतळे म्हणजे ‘टोभा’. आणि देवाच्या किंवा पिराच्या नावाने राखलेली झाडी म्हणजे ‘झिडी’. मराठी वाचकाला यांतील जवळजवळ प्रत्येकासाठी आपला शब्द आठवतो : ओढा, नदीकाठचे बेट, माळ, तळे, देवराई. समानार्थी शब्दांची ही जुळणी पूर्ण नाही. चो आणि ओढा यांत वाळूचे प्रमाण वेगळे आहे, बार आणि माळ यांत पावसाचे. परंतु दोन्ही भाषांतील शब्दांची जात एक आहे. जमिनीवर काय उगवते, पाणी कसे वाहते, गुरे कोठे चरतात आणि कोणती जनावरे तेथे राहतात, हे सगळे त्या एकेका शब्दात गृहीत असते.

महसुली भाषेची जात निराळी आहे. पंजाबच्या जमाबंदीत लागवडीबाहेरच्या जमिनीची नोंद ‘बंजर जदीद’ म्हणजे नवे पडीक, ‘बंजर कदीम’ म्हणजे जुने पडीक, किंवा ‘गैर मुमकिन’ म्हणजे जेथे शेती शक्यच नाही अशी, या शब्दांत होते. ‘गैर मुमकिन’ला पुढे चो, पहाड, आबादी अशी शेपटी जोडली जाते. गावाची सामाईक जमीन ‘शामलात’ या सदरात जाते. मुंबई इलाख्यातील रयतवारी मोजणीने हीच विभागणी मराठीत आणली. गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या मोजणीपद्धतीचा आरंभ १८३० च्या दशकात पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात झाला. इंदापूर हा सोलापूरला लागून असलेला, कमी पावसाचा, माळरानांचा तालुका आहे. ज्या भूमीवर पुढे सबंध इलाख्याला लागू झालेली मोजणी घडवली गेली ती भूमी माळाची होती, ही गोष्ट लक्षणीय मानली पाहिजे. या पद्धतीतून ‘पोटखराबा’ हा शब्द रूढ झाला : सर्व्हे नंबराच्या पोटात असलेला, आकारणीतून वगळलेला, लागवडीस नालायक भाग. गायरान, पडीक, मुरमाड, खराबा ही त्याची भावंडे.

याच दशकात, १८३१ साली, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. त्याची सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची. लोकांच्या तोंडचे शब्द गोळा करणारा कोश आणि त्याच लोकांच्या जमिनीला नवे शब्द देणारी मोजणी ही एकाच राजवटीची, एकाच काळातील कामे आहेत. कोशाने ‘माळ’ जपला. मोजणीने त्याचा ‘खराबा’ केला. महसुली नोंदीचा हेतू वन्यजीवांचे नुकसान करणे हा नव्हता. सरकारला आकारणी ठरवायची होती, आणि ज्या जमिनीतून आकार मिळत नाही तिच्यात काय आहे हे लिहून ठेवण्याची तिला गरज नव्हती. हे न लिहिणेच पुढे निर्णायक ठरले. उत्पन्नाच्या रकान्यात शून्य असलेली जमीन हळूहळू खरोखरच शून्य आहे असे मानले जाऊ लागले.

याचे सर्वांत मोठे उदाहरण पंजाबच्या कालव्यांचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत सरकारने पश्चिम पंजाबातील बार प्रदेश सरकारी पडीक मानून तेथे कालवे काढले आणि वसाहती वसवल्या. १८९२ साली खालच्या चिनाब कालव्याचे पाणी सुरू झाले आणि त्या भोवती लायलपूर उभे राहिले. बारमध्ये आधीपासून गुरे आणि उंट घेऊन फिरणाऱ्या लोकांना अधिकाऱ्यांच्या भाषेत ‘जांगली’ म्हणत. अधिवास आणि त्यातले लोक यांना एकाच शब्दाने बाजूला सारण्याची ही रीत पुढील प्रकरणांतही दिसते.

३

चंदीगडच्या उत्तरेला शिवालिकच्या टेकड्या आहेत. त्यांची माती सैल, सहज धुपणारी. १८४९ मध्ये पंजाब ब्रिटिशांकडे गेल्यानंतर या टेकड्यांवरची झाडी इंधनासाठी आणि कोळशासाठी तुटली, चराई वाढली, आणि होशियारपूरसारख्या जिल्ह्यांत चोंच्या वाळूखाली सुपीक शेते गडप होऊ लागली. त्यावर सरकारने १९०० साली भूमिसंरक्षणाचा कायदा केला. त्याच्या मूळ नावातच कंसात ‘चो’ हा शब्द होता. लोकभाषेतील एक अधिवासवाचक शब्द कायद्याच्या मथळ्यावर आला, परंतु तो संकटाचे नाव म्हणून. चो हा वाहता अधिवास आहे, त्याच्या काठी गवत, झुडपे, तितर आणि ससे असतात, ही बाजू कायद्याला अभिप्रेत नव्हती. त्या कायद्याच्या कलमांखाली टेकड्यांवरील तोड आणि चराई बंद करता येऊ लागली. जंगल नसलेल्या जमिनीला वनासारखे संरक्षण आणि त्याच जमिनीवर जगणाऱ्यांवर निर्बंध, अशी दुहेरी व्यवस्था तेव्हापासून सुरू झाली.

फाळणीनंतर लाहोर गेले आणि पूर्व पंजाबला नवी राजधानी हवी झाली. मार्च १९४८ मध्ये शिवालिकच्या पायथ्याची जागा निश्चित झाली. एका बाजूला सुखना चो, दुसऱ्या बाजूला पटियाला की राव हा दुसरा चो, आणि मध्ये शेते, आमराया व गावे. १९५१ पासून ल कॉर्बुझिए यांनी आराखड्याची सूत्रे हाती घेतली. नव्या शहराचे वर्णन अनेकदा ‘कोऱ्या जागेवरील शहर’ असे केले जाते. अटावा, बुरैल, बढेरी ही गावे आजही सेक्टरांच्या पोटात आहेत. जागा कोरी नव्हती याचा तो पुरावा आहे. शहराभोवती वाढ होऊ नये म्हणून १९५२ साली परिसर नियंत्रण कायदा झाला. त्याची कक्षा आरंभी ८ किलोमीटर होती, ती १९६२ मध्ये १६ किलोमीटर करण्यात आली. हा कायदा अधिवासरक्षणाचा नव्हता. शहराला हिरवी किनार राहावी आणि उत्तरेकडे टेकड्यांचे दृश्य मोकळे राहावे, ही त्यामागची दृष्टी होती. १ नोव्हेंबर १९६६ रोजी पंजाबचे विभाजन झाल्यावर ही किनार पंजाब, हरियाणा आणि केंद्रशासित प्रदेश यांच्यात वाटली गेली. मोहाली आणि पंचकुला याच किनारीत उभी राहिली, आणि एयरोसिटीही त्याच इतिहासाचे उशिराचे प्रकरण आहे.

या शहराच्या हिरवाईचा विचार करताना मोहिंदरसिंग रंधावा (१९०९–१९८६) यांचे नाव टाळता येत नाही. सनदी अधिकारी, वनस्पतिशास्त्रज्ञ, कांगडा चित्रशैलीचे अभ्यासक आणि पंजाबी लोकगीतांचे संकलक अशा विविध नात्यांनी ते ओळखले जातात. चंदीगडच्या रस्त्यांवर कोणती फुलझाडे लावावीत हे ठरवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. ज्या विद्वानाने लोकगीते गोळा केली त्यानेच गुलमोहर, बहावा आणि नीलमोहर यांच्या रांगा आखल्या. त्या गीतांची भूमी मात्र कीकर, जंड आणि करीर या काटेरी झाडांची होती. यात दोष शोधण्याचे कारण नाही. फुलांच्या शहराची कल्पना आणि काटेरी रानाची स्मृती एका व्यक्तीत एकत्र नांदू शकली, एवढे नोंदवणे पुरेसे आहे.

४

१९५८ साली सुखना चोवर बांध घालून तलाव तयार करण्यात आला. शहरवासीयांच्या विसाव्यासाठी बांधलेल्या या तलावात तीच टेकड्यांची माती येऊन साचू लागली. तीन दशकांत त्याची निम्म्याहून अधिक साठवण गाळाने गेली. उपाय म्हणून १९६० च्या दशकात वरच्या टेकड्या ताब्यात घेऊन त्यांवर खैर, शिसवी, बाभूळ आणि वेडी बाभूळ यांची लागवड झाली, लहान बंधारे बांधले गेले. ‘गैर मुमकिन पहाड’ आता ‘पाणलोट क्षेत्र’ झाला. झाडी वाढली, तशी सांबर, रानडुक्कर, मोर, रानकोंबडे दिसू लागले. हिवाळ्यात तलावावर चक्रवाक आणि इतर स्थलांतरित बदके उतरू लागली. ६ मार्च १९९८ रोजी सुमारे २६ चौरस किलोमीटर क्षेत्र सुखना वन्यजीव अभयारण्य म्हणून जाहीर झाले.

या क्रमाने एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. येथील अधिवास आदिम, अस्पर्श जंगलाचा अवशेष नाही. शहराचा तलाव गाळाने भरू नये म्हणून केलेल्या उपायातून तो निर्माण झाला. विकास नेहमी अधिवास नष्टच करतो, हे विधान त्यामुळे जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. उलट, जमिनीला निराळे नाव मिळताच तिच्यावर निराळे जीवन येऊ शकते, याचा हा दाखला आहे. प्रश्न असा की त्या नावाची किंमत कोणी दिली?

याचे उत्तर सुखोमाजरी या पंचकुल्याजवळच्या गावात सापडते. तलावात येणाऱ्या गाळाचा मोठा वाटा या गावाच्या टेकड्यांतून येतो, असे १९७० च्या दशकात मृदसंधारण संशोधकांच्या लक्षात आले. पी. आर. मिश्रा यांच्या पुढाकाराने तेथे लहान मातीचे बंधारे बांधले गेले. त्यांचे पाणी भूमिहीनांसह सर्व कुटुंबांत वाटण्याची रीत ठरली आणि त्या बदल्यात गावाने टेकड्यांवरची मोकाट चराई स्वतःहून थांबवली. कुंपण तारेचे नव्हते, संमतीचे होते. टेकड्यांवर पुन्हा उगवलेल्या भाभर गवताचा ठेका पूर्वी वनखाते कागद गिरण्यांना देत असे. पुढे तो गावाच्या संस्थेने घेतला. दप्तरात ‘बंजर’ म्हणून लिहिलेल्या जमिनीवरचे गवत कारखान्यात जाऊन कागद होत होते. ‘पडीक’ जमीन उद्योगाला कधीच निरुपयोगी नव्हती, हे त्यातून उघड होते. ती निरुपयोगी होती ती केवळ आकारणीच्या रकान्यात. ज्यांनी गुरे घरी बांधली त्यांनी शहराचा तलाव आणि पुढचे अभयारण्य या दोहोंना हातभार लावला. अभयारण्याच्या अधिसूचनेत त्यांचे काम नोंदवण्याची सोय नव्हती.

५

अभयारण्य जाहीर झाल्यानंतर या जमिनीला चौथे नाव मिळाले. पडीक, पाणलोट, अभयारण्य आणि आता ‘निसर्गाच्या सान्निध्यातील निवास’. तलावालगतच्या कांसल येथे, पंजाबच्या हद्दीत, टाटा हाउसिंग कंपनीचा उंच इमारतींचा प्रकल्प प्रस्तावित झाला. त्याचे नाव कॅमेलॉट. मध्ययुगीन युरोपीय साहित्यातील राजा आर्थरची ही दंतकथेतील राजधानी. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला या नामकरणाकडे दुर्लक्ष करता येणार नाही. ज्या भूमीला आपल्या भाषेत पुरेसे नेमके शब्द होते, तिच्यासाठी दूरच्या आख्यायिकेतून शब्द आणावा लागला. कारण जुने शब्द वापरले असते तर तेथे चो आहे आणि बीड आहे हेही सांगावे लागले असते.

प्रकल्पाची जागा अभयारण्याच्या सीमेपासून एका बाजूने अवघ्या १२३ मीटरवर होती. १२ एप्रिल २०१७ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने प्रकल्पाला दिलेल्या परवानग्या रद्द ठरवल्या आणि ५ नोव्हेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. या वादात ‘संवेदनशील क्षेत्र’ या संज्ञेची रुंदी हा कळीचा मुद्दा होता. चंदीगडच्या हद्दीत जानेवारी २०१७ च्या अधिसूचनेने ती २ ते २.७५ किलोमीटर ठरली होती. पंजाबने आपल्या बाजूला १०० मीटर सुचवली होती आणि सर्वोच्च न्यायालयाने ती अपुरी मानली. सांबराला राज्यांची सीमा कळत नाही, हे म्हणणे भाबडे वाटेल. परंतु एकाच टेकडीच्या दोन उतारांवर संरक्षणाची रुंदी वीसपटीहून अधिक बदलते, हे केवळ नोंदीच्या सोयीने घडू शकते.

२ मार्च २०२० रोजी पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने सुखना तलावाला सजीव व्यक्तीचा विधिदर्जा दिला आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या २००४ च्या नकाशातील पाणलोट क्षेत्र प्रमाण मानून त्यातील बांधकामांवर कारवाईचा आदेश दिला. दप्तराच्या भाषेने ‘गैर मुमकिन’ ठरवलेल्या चोचे पाणी अशा रीतीने न्यायालयाच्या भाषेत व्यक्ती झाले. या घटनेला उलट दिशेचा नामबदल म्हणता येईल. मात्र व्यक्ती ठरला तो बांध घातलेला तलाव. त्याला पाणी देणारे चो, त्यांच्या काठची झुडपे आणि खालच्या बाजूला, विमानतळाच्या दिशेने जाणारा तोच प्रवाह यांना तो दर्जा नाही. दृश्य सुंदर असलेला अधिवास वाचवण्याची शक्यता नेहमी अधिक असते, हे परिसर कायद्यापासून चालत आलेले सूत्र येथेही सुटलेले नाही.

विमानतळाच्या जवळ तर पक्ष्याचेही नाव बदलते. विमान नियम, १९३७ मधील ९१ व्या नियमाने विमानतळाच्या १० किलोमीटर परिसरात प्राणी कापणे आणि घाण टाकणे यांवर बंदी घातली. हेतू असा की घारी-गिधाडे तेथे जमू नयेत. प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी हा नियम आवश्यक आहे, यात शंका नाही. परंतु एयरोसिटीच्या आकाशात घारीची ओळख ‘धोका’ एवढीच उरते, हेही खरे.

येथे आपल्या प्रतिपादनाची मर्यादाही सांगितली पाहिजे. या प्रदेशात पिंजोरजवळ गिधाडांचे संवर्धन केंद्र आहे. त्याची सुरुवात २००१ मध्ये झाली. भारतातील तीन जातींची गिधाडे १९९० च्या दशकापासून नव्वद टक्क्यांहून अधिक घटली, आणि २००३–०४ च्या सुमारास त्याचे प्रमुख कारण गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध असल्याचे स्पष्ट झाले. २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. येथे कोणाची जमीन गेली नाही, कोणती नोंद बदलली नाही. कारखान्यात तयार झालेला एक रेणू अन्नसाखळीत शिरला. शब्दांच्या इतिहासाने अधिवासाच्या नाशाची सगळीच कारणे उलगडत नाहीत. जमिनीच्या संदर्भात मात्र तो इतिहास टाळून पुढे जाता येत नाही.

६

हेच सूत्र महाराष्ट्रात तपासून पाहण्यासाठी माळढोकाचे उदाहरण घेता येते. या पक्ष्याच्या नावातच त्याचा अधिवास आहे. माळ नसेल तर माळढोक नाही. भारताचा राष्ट्रीय पक्षी निवडण्याच्या वेळी सलीम अली यांनी माळढोकाचे नाव सुचवले होते. १९६३ साली निवड मोराची झाली. इंग्रजी नावाच्या उच्चाराचा वा छपाईचा घोटाळा होऊन अपशब्द तयार होईल, या भीतीने माळढोक मागे पडला असे सांगितले जाते. ही आख्यायिका असली तरी ती अर्थपूर्ण आहे : पक्ष्याचे मराठी नाव विचारात घेतले असते तर ती अडचण उद्भवलीच नसती.

१९७९ साली सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरचे माळढोक अभयारण्य जाहीर झाले. सोलापूरजवळचे नान्नज हे त्याचे केंद्र. तेथे अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली राखलेल्या गवताच्या तुकड्यांत हा पक्षी टिकून होता. दुष्काळनिवारणासाठी केलेले काम अधिवासाला उपकारक ठरले, हे सुखनाशी असलेले साम्य लक्षात घेण्याजोगे आहे. परंतु अभयारण्याच्या रेषेत गावे, शेते आणि रस्तेही आले. खासगी जमिनींच्या व्यवहारांवर बंधने पडली आणि ज्यांच्या शेतात पक्षी उतरत होता त्यांना तो अडचणीचा वाटू लागला. पुढे हे क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर करण्यात आले. एकदा कागदावर अतिविस्तृत आणि पुन्हा कागदावरच आखूड झालेल्या या सीमेच्या आत प्रत्यक्ष माळ मात्र सतत घटत होता. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाचे पाणी आले, ऊस आला, साखर कारखाने वाढले. १९८५ साली केंद्रात राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झाले, आणि पडिकावर झाडे लावणे हे पुण्यकर्म ठरले. माळावर दाट झाडे लावणे हे माळढोकाच्या दृष्टीने माळ नांगरण्याइतकेच घातक आहे. त्याला दूरवर दिसणारे मोकळे गवत लागते. वृक्षारोपणाला अधिवासनाश म्हणणे मराठी कानाला खटकते. ते खटकते याचे कारण, ‘पडीक’ म्हणजे उणीव, हा महसुली अर्थ आपल्या नित्याच्या भाषेत पूर्ण मुरला आहे.

महाराष्ट्रात हा पक्षी नावापुरता उरला. देशात जे थोडे शिल्लक राहिले ते मुख्यतः राजस्थानच्या वाळवंटात, आणि तेथे विजेच्या तारांना धडकून त्यांचे मृत्यू होऊ लागले. त्या तारा ज्या सौर आणि पवन प्रकल्पांच्या आहेत तेही ‘ओसाड’ मानलेल्या जमिनीवरच उभे राहिले. सर्वोच्च न्यायालयाने १९ एप्रिल २०२१ रोजी तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला आणि २१ मार्च २०२४ रोजी तो आदेश बदलून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला. प्रदूषण टाळणारा उद्योगही ‘रिकाम्या’ जागेच्या कल्पनेपासून मुक्त नाही.

७

अखेरीस साहित्याकडे वळणे आवश्यक आहे, कारण दप्तराने जे लिहिले नाही ते पुष्कळदा तेथे सापडते. वारिस शाहच्या १७६६ मधील ‘हीर’मध्ये रांझा चिनाबच्या बेल्यात म्हशी चारतो. बेला ही त्या प्रेमकथेची केवळ पार्श्वभूमी नाही. गावाच्या आणि कुळाच्या नियमांपलीकडचा जो अवकाश कथेला लागतो, तो बेला पुरवतो. चराईचे रान हे येथे ‘पडीक’ नाही, ते जगण्याचे आणि स्वातंत्र्याचे स्थळ आहे. कालव्यांनंतरच्या वाचकाला मात्र बेला हा शब्द काव्यातला संकेत म्हणूनच कळतो.

व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ (१९५५) मेंढपाळांच्या वाडीची कादंबरी आहे. मेंढरे, लांडगा, गवत आणि पाऊस यांच्या नात्यावर ती वाडी उभी आहे, आणि दुष्काळात ते नाते तुटताच वाडी रिकामी होते. माडगूळकरांनी माळाला कोठेही ओसाड म्हणून पाहिलेले नाही. तो वसलेला आहे, आणि म्हणूनच त्याचे रिकामे होणे ही शोकांतिका ठरते. गुरदयाल सिंग यांच्या ‘मढी दा दीवा’ (१९६४) या पंजाबी कादंबरीत जगसीर या सालदाराच्या आयुष्याशी जोडलेले टाहलीचे, म्हणजे शिसवीचे, झाड मालकाचा मुलगा तोडतो. नव्या पिढीच्या हिशेबात ते लाकूड आहे. जगसीरच्या हिशेबात तो त्याचा पूर्वापार संबंध आहे. या दोन कादंबऱ्यांत नऊ वर्षांचे आणि दोन भाषांचे अंतर आहे. परंतु दोन्हींत एकच गोष्ट नोंदली गेली आहे. जमिनीवरील हक्काची लेखी नोंद ज्यांच्यापाशी नाही त्यांचाच अधिवास प्रथम जातो, मग ती माणसे असोत की प्राणी. इतर ठिकाणी माणसांचे विस्थापन आणि वन्यजीवांचे विस्थापन हे दोन स्वतंत्र, कधी परस्परविरोधी विषय मानले जातात. साहित्याच्या साक्षीने पाहिले असता दोन्हींचे मूळ एकाच रकान्यात सापडते.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाचे काम येथून सुरू होते. पर्यावरणाच्या प्रश्नांत आपण मुख्यतः कवितेतील निसर्गवर्णने तपासतो. त्याबरोबरच जमाबंदी, सातबारा, अधिसूचना आणि गृहप्रकल्पांची नावे हीही संहिता म्हणून वाचली पाहिजेत, आणि त्यांच्यासमोर लोकभाषेतील अधिवासवाचक शब्द ठेवले पाहिजेत. चो, बीड, बेला, झिडी, माळ, कुरण, देवराई या शब्दांचा भारतीय भाषांतील तुलनात्मक कोश करण्याजोगा आहे. तसा कोश कोणत्याही प्राण्याला वाचवणार नाही, हे उघड आहे. परंतु एखादी जागा ‘रिकामी’ आहे असे पुढच्या वेळी कोणी लिहू लागला, तर त्या जागेला नाव होते आणि त्या नावात तेथले गवत, पाणी आणि पाखरे मोजलेली होती, एवढे त्याला दाखवून देता येईल. सुखनाच्या बाबतीत निर्णय करताना न्यायालयाला २००४ च्या नकाशाचा आधार घ्यावा लागला. तो नकाशा नसता तर कांसलची जमीन केवळ जमीन राहिली असती. एयरोसिटीच्या जमिनीच्या जुन्या नावांचा असा नकाशा कोणी काढलेला नाही. ती नावे ज्यांच्या तोंडी आहेत ती माणसे वृद्ध होत आहेत.